अंधांच्या हाती डोळस सोबत

पहिल्या महायुद्धाने युरोपात जशी माणसे मारली, तशीच ती आंधळीही केली. विषारी वायूने आणि तोफगोळ्यांच्या कपच्यांनी दृष्टी हिरावलेले हजारो तरुण सैनिक एकट्या जर्मनीत घरी परतले. त्यांना निवृत्तिवेतन मिळाले, मानसन्मान मिळाला. पण कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचे तरी कुणाचा तरी हात धरावा लागे. या सैनिकांसाठी डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांनी 1916 मध्ये ओल्डेनबुर्ग येथे वाट दाखवणारे कुत्रे शिकवण्याची शाळा काढली. ती दहा वर्षांनी बंद पडली. मात्र 1923 मध्ये पॉट्सडॅम येथे सुरू झालेली तशीच दुसरी शाळा टिकली, आणि तिच्या दारात एक दिवस श्वानपालनाचे वेड असलेली एक श्रीमंत अमेरिकन बाई येऊन उभी राहिली. डोरोथी हॅरिसन युस्टिस हे त्यांचे नाव.

डोरोथी यांचा जन्म 30 मे 1886 रोजी फिलाडेल्फियात झाला. वडील साखर शुद्धीकरणाच्या व्यवसायात गबर झालेले, पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे प्रमुखपद भूषवलेले. अशा घरातल्या मुलीने चांगले स्थळ पाहून लग्न करावे आणि मेजवान्या घालाव्यात, एवढीच त्या काळची अपेक्षा. लग्न झाले 1906 मध्ये, वॉल्टर वूड यांच्याशी. हे गृहस्थ न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटचे सदस्य होते. पण हूसिक फॉल्सच्या सासरी या दांपत्याला वेगळाच नाद लागला. निवडक गाई-वळूंपासून पैदास केली, तर दुधाचे प्रमाण वाढवता येते का, याचे प्रयोग त्यांनी आरंभले. कोणती गाय दिसायला कशी आहे याला तिथे किंमत नव्हती. दूध किती देते, याची नोंद तेवढी खरी. ही नोंदवहीची सवय युस्टिसबाईंना जन्मभर पुरली.

त्याच काळात घरात हान्स नावाचा एक जर्मन शेफर्ड होता. आपल्याकडे ज्याला वर्षानुवर्षे अल्सेशियन म्हटले गेले, तोच हा वंश. हान्सची समज, निष्ठा आणि कामाची हौस पाहून बाई थक्क झाल्या. आणि दुसरी गोष्टही त्यांच्या ध्यानात आली : प्रदर्शनांतल्या बक्षिसांसाठी जी पैदास चालली होती, तिच्यात रूप वाढत होते आणि अक्कल घटत होती. गाईंना लावलेला न्याय कुत्र्यांनाही लावून पाहावा, असे त्यांच्या मनाने घेतले.

वूड 1915 मध्ये निवर्तले. तिशीच्या आतच वैधव्य आलेल्या डोरोथी दोन मुलांना वाढवत राहिल्या आणि 1920 नंतर स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाल्या. वेवे गावाच्या वरच्या डोंगरावर त्यांनी जागा घेतली आणि तिला फॉर्च्युनेट फील्ड्स हे नाव दिले. जॉर्ज युस्टिस यांच्याशी 1923 मध्ये झालेला दुसरा विवाह 1928 मध्ये संपला. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. त्या डोंगरावर खरी साथ मिळाली ती एलियट ऊर्फ जॅक हम्फ्री या प्राण्यांच्या जाणत्या शिक्षकाची. येथे तयार झालेले कुत्रे स्विस सैन्यात आणि पोलिसांत दाखल होऊ लागले. प्रत्येक पिल्लाचे गुणदोष, नाकाची तीक्ष्णता, धीटपणा, शिकण्याची तयारी, सारे टिपून ठेवले जाई.

पॉट्सडॅमला जे दिसले त्याने मात्र बाईंच्या कामाची दिशाच बदलली. दबकत, चाचपडत येणारा आंधळा सैनिक काही आठवड्यांच्या सरावानंतर कुत्र्याच्या सोबतीने गर्दीच्या रस्त्यातून ताठ मानेने चालताना त्यांनी पाहिला. यावर त्यांनी अमेरिकेतील सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट या साप्ताहिकात लेख लिहिला. तो 5 नोव्हेंबर 1927 च्या अंकात आला. बायबलातल्या एका वचनावरून घेतलेले त्याचे शीर्षक होते 'द सीइंग आय', म्हणजे पाहणारा डोळा. लेखातले कौतुक सारे जर्मन शाळेचे होते.

टपालाचा ढीग आला. त्यातले एक पत्र टेनेसी राज्यातील नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या तरुणाचे होते. दोन वेगवेगळ्या अपघातांत त्याचे दोन्ही डोळे गेले होते. वडिलांनी तो लेख त्याला वाचून दाखवला आणि चार दिवसांत पत्र रवाना झाले. मला असा कुत्रा द्या, मी इकडे परतून माझ्यासारख्या इतरांसाठी अशीच सोय उभी करीन, असा त्याचा सौदा होता. बाईंच्या हाताशी तेव्हा ना अंधांसाठी शिकवलेला कुत्रा होता, ना तसा शिक्षक. तरी त्यांनी त्याला बोलावले. हम्फ्री पॉट्सडॅमची पद्धत शिकून आले, आणि 1928 च्या वसंतात फ्रँक युरोपात पोहोचला. जाताना प्रवासी कंपनीने त्याला एखाद्या पार्सलासारखे हाती सोपवत सोपवत पाठवले होते.

या शिक्षणाविषयी सर्वसामान्यांचा एक गैरसमज असतो, की कुत्रा मालकाला पाहिजे तिथे घेऊन जातो. तसे नाही. कुठे जायचे आणि कोणत्या वळणावर वळायचे, हे अंध व्यक्तीने डोक्यात ठेवायचे आणि सांगायचे. वाटेतला खड्डा, खांब, पायरी टाळण्याची जबाबदारी कुत्र्याची. अंगावरच्या साजाला जोडलेल्या ताठ मुठीतून त्याची प्रत्येक हालचाल मालकाच्या डाव्या हाताला कळते. सर्वांत अवघड धडा मात्र आज्ञा मोडण्याचा. मालकाने पुढे चल म्हटले आणि समोरून गाडी येत असेल, तर कुत्र्याने जागचे हलायचे नाही. आज्ञापालन शिकवणारे पुष्कळ असतात. केव्हा ऐकायचे नाही हे शिकवायला पिल्लात मुळात विवेकाचे बीज असावे लागते, आणि बाईंच्या नोंदवह्या याच बीजाच्या शोधात होत्या.

फ्रँकच्या कुत्रीचे नाव त्याने बडी ठेवले. 11 जून 1928 रोजी न्यूयॉर्क बंदरात उतरल्यावर वार्ताहरांनी त्याला वाहनांच्या भाऊगर्दीचा वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखवण्याचे आव्हान दिले. बडीने त्याला सुखरूप पलीकडे नेले. त्यानंतर त्याने बाईंना तार केली : यशस्वी झाल्याचे सांगणारा एकच शब्द.

29 जानेवारी 1929 रोजी नॅशव्हिलमध्ये द सीइंग आय या संस्थेची स्थापना झाली आणि फेब्रुवारीत पहिला वर्ग भरला. विद्यार्थी दोन, दोघेही डॉक्टर. वर्ष सरता सरता अमेरिकेत मंदीचा वणवा पेटला. अशा वेळी नव्या संस्थेसाठी पैसा उभा करणे सोपे नव्हते. अध्यक्ष या नात्याने बाईंनी देणगीदारांचे उंबरे झिजवले आणि स्वतःच्या संपत्तीचा मोठा वाटा या कामात ओतला. टेनेसीचा उन्हाळा कुत्र्यांना सोसेना, म्हणून 1931 मध्ये संस्था न्यूजर्सीतील व्हिपनी येथे हलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये वॉलसी येथे दोन महिलांनी असेच काम आरंभले, तेव्हा पहिले चार कुत्रे शिकवायला बाईंनी आपला शिक्षक तिकडे धाडला. ब्रिटनमधील पुढच्या सर्व कार्याचा उगम तिथलाच.

बाईंच्या एका निर्णयावर तेव्हाही मतभेद झाले असते, आजही होतील. कुत्रा फुकट द्यायचा नाही, असे त्यांचे धोरण होते. एक कुत्रा तयार करायला येणारा खर्च देणगीतून भागे. तरी विद्यार्थ्याने थोडी का होईना, स्वतःची रक्कम मोजलीच पाहिजे, मग ती हप्त्याहप्त्याने का होईना. 1934 मध्ये ती 150 डॉलर ठरली. मंदीत ही रक्कम अंध माणसाला जड होती, हे नाकारता येत नाही. परंतु दानाच्या वस्तूवर देणाऱ्याचा डोळा राहतो आणि घेणाऱ्याची मान खाली जाते, हे फिलाडेल्फियाच्या श्रीमंत घरात वाढलेल्या या बाईंना कसे उमगले असेल, याचे नवल वाटते. मला तरी त्यांचे म्हणणे पटते.

1940 मध्ये त्या अध्यक्षपदावरून निवृत्त झाल्या. पुढच्याच वर्षी अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि पुन्हा तरुण सैनिक डोळे गमावून परतू लागले. ज्या कल्पनेचा जन्म एका युद्धातल्या अंध सैनिकांसाठी झाला, ती दुसऱ्या युद्धातल्या सैनिकांच्या कामी आली. 8 सप्टेंबर 1946 रोजी न्यूयॉर्कमध्ये डोरोथी युस्टिस यांचे निधन झाले. संस्था 1965 मध्ये जवळच्या मॉरिसटाउनला गेली, तिथे ती अजूनही चालू आहे. पहिल्या कुत्र्याचे 150 डॉलर, हा बाईंच्या वेळचा आकडा इतक्या वर्षांत तिने वाढवलेला नाही. सैन्यात सेवा केलेल्यांकडून मात्र एकच डॉलर घेतला जातो.