हात धुवायला लावणारा डॉक्टर

भुवया करायला पार्लरमध्ये गेलं की ताई दोऱ्याचं एक टोक दातात धरते, आणि मघाशी दुसरीच्या नाकावरून फिरलेली ब्लॅकहेडची सळई नॅपकिनला पुसून आपल्याकडे वळते. परवा मी म्हटलं, अगं, जरा धुऊन तरी घे. तर तिचा चेहराच उतरला! सळई चकचकीत होती, हे तिचंही खरंच. पण चकचकीत म्हणजे निर्जंतुक नव्हे, एवढी साधी गोष्ट जगाला पटवता पटवता एका डॉक्टरचं आयुष्य संपलं. त्यांचं नाव इग्नाझ सेमेलवाइस.

1 जुलै 1818 रोजी हंगेरीतल्या बुडा शहरात (आताचं बुडापेस्ट) एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी ते जन्मले. व्हिएन्नाला गेले कायदा शिकायला, पण वळले वैद्यकीकडे. 1846 मध्ये तिथल्या मोठ्या इस्पितळात, बाळंतपणाच्या विभागात सहायक म्हणून लागले.

त्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते. पहिल्यात शिकाऊ डॉक्टर, दुसऱ्यात शिकाऊ सुईणी. त्या वर्षी पहिल्या वॉर्डात बाळंतपणाच्या तापानं शंभरातल्या 11 बायका गेल्या, दुसऱ्यात तीनसुद्धा नाहीत. शहरातल्या बायकांना हे पक्कं ठाऊक होतं. पहिल्या वॉर्डाचं नाव निघालं की त्या गुडघे टेकून रडायच्या, मला तिकडे नका पाठवू म्हणून विनवायच्या. रस्त्यात बाळंत झालेल्याही त्यांच्यापेक्षा जास्त वाचायच्या!

सेमेलवाइस यांची झोप उडाली. बाळंतिणीला कुशीवर निजवून पाहिलं, घंटा वाजवत जाणाऱ्या पाद्रीबाबांची वाट बदलून पाहिली. उपयोग शून्य. मग मार्च 1847 मध्ये त्यांचे मित्र प्रा. कोलेचका वारले. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याची सुरी त्यांना लागली होती. त्यांच्या शरीरात जे दिसलं, ते अगदी बाळंतिणींसारखंच. झालं, कोडं सुटलं. शिकाऊ डॉक्टर सकाळी प्रेतं फाडायचे आणि त्याच हातांनी बाळंतिणीला तपासायचे. सुईणींचा प्रेतांशी संबंधच नव्हता.

हात धुतले जायचे हो, पण नुसत्या साबणानं. वास तसाच राहायचा. म्हणून मे 1847 पासून त्यांनी दाराशी क्लोरीनच्या चुन्याचं पाणी ठेवलं आणि हात बुडवल्याशिवाय कुणाला आत सोडेनात. हा चुना म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल याच घराण्यातली. एप्रिलमध्ये शंभरात 18 बायका गेल्या होत्या, जूनमध्ये जेमतेम दोन. 1848 मध्ये तर दोन महिने एकही नाही.

तरी वरिष्ठांना राग आला. जंतूंमुळे रोग होतो हे तेव्हा कुणी सिद्ध केलं नव्हतं, आणि आपल्याच हातानं बायका मेल्या हे कबूल कोण करणार? 1849 मध्ये त्यांची मुदत वाढवली नाही. 1850 मध्ये मित्रांनाही न सांगता ते पेस्टला निघून आले. तिथल्या इस्पितळात तोच नियम लावला, सहा वर्षांत 933 बाळंतपणांत फक्त आठ मृत्यू. 1857 मध्ये मारियाशी लग्न झालं, पाच मुलं झाली.

पण एक सांगायला हवं. आपलं म्हणणं नीट लिहून काढायला त्यांनी फार उशीर केला. पुस्तक आलं 1861 मध्ये, तेही किचकट. कुणी ऐकेना तसे ते चिडले आणि मोठमोठ्या प्राध्यापकांना उघड पत्रं लिहून खुनी ठरवू लागले. गोड बोलले असते तर किती बायका वाचल्या असत्या, असं वाटून जातं. पण रोज मरणं पाहिलेल्या माणसानं गोड तरी किती बोलावं?

पुढे त्यांचं मन ढळलं. जुलै 1865 मध्ये नवी संस्था बघायला म्हणून व्हिएन्नाला नेलं आणि वेड्यांच्या इस्पितळात ठेवून घेतलं. तिथे जखम चिघळून, रक्तात विष भिनून 13 ऑगस्टला ते गेले. वय 47. आणि त्याच्या आदल्याच दिवशी, दूर ग्लासगोत, गाडीखाली पाय मोडलेल्या 11 वर्षांच्या मुलाच्या जखमेवर डॉ. जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिकची पट्टी बांधली होती. तो पोरगा दीड महिन्यात आपल्या पायांनी घरी गेला.