केडगावच्या माळावर हजारो जणींची आई झालेल्या पंडिता रमाबाई

दौंड तालुक्यातलं केडगाव म्हटलं की जुन्या माणसांच्या तोंडी आजही पहिलं नाव येतं ते मुक्ती मिशनचं. ही संस्था उभी करणाऱ्या पंडिता रमाबाईंना जाऊन शंभर वर्षं उलटली. शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा असतो, पण त्यांनी किती सोसलं हे फार कमी जणांना माहीत आहे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकांनी संस्कृत शिकणं पाप समजलं जाई, त्या काळात त्यांनी बायकोला आणि मग लेकीलाही शिकवलं. घरदार सोडून हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरायचं. पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. काही महिन्यांत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं उपाशीतापाशी हजारो मैल पायी हिंडले.

1878 साली ते कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या पोरीचं संस्कृत ऐकून तोंडात बोटं घातली. तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. पण सुख टिकलं नाही. 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी जात न पाहता बंगाली वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी लग्न केलं. दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा पटकीनं गेला. पदरात लहानगी मनोरमा.

विधवा बाईनं डोकं भादरून कोपऱ्यात बसायचे ते दिवस. रमाबाई पुण्यात आल्या आणि थेट कामाला लागल्या. 1882 साली आर्य महिला समाज काढला. सरकारच्या हंटर आयोगापुढे उभं राहून बायकांसाठी बाई शिक्षिका आणि बाई डॉक्टर हव्यात असं ठणकावून सांगितलं.

1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथं त्यांनी एक आश्रम पाहिला. समाजानं वाया गेलेल्या ठरवलेल्या बायकांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी पोटच्या लेकीसारखं जपत होत्या. रमाबाईंना याचं मोठं नवल वाटलं. येशूनं विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईला दूर न लोटता तिच्याशी बोलणं केलं, ही गोष्ट त्यांनी वाचली आणि ती त्यांच्या मनात रुतून बसली. 29 सप्टेंबर 1883 ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणून काही त्या साहेबी झाल्या नाहीत. शाकाहार सोडला नाही. क्रुसावर लॅटिन कशाला, आपलं संस्कृत का नको, असा वादही घातला. चर्चच्या वडीलधाऱ्यांचंही पटल्याशिवाय ऐकायचं नाही, हा बाणा कायम.

1889 साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढल्या वर्षी ते पुण्याला नेलं. 1893 साली वादळ उठलं. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात, म्हणजे धर्म बाटवणं चाललंय, असा गवगवा झाला. केसरीनं झोड उठवली. रानडे आणि भांडारकरांसारखे मोठे लोकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बऱ्याच पालकांनी मुली नेल्या. रमाबाई एकट्या पडल्या, पण दार बंद केलं नाही.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेनं हाडांचा सापळा झालेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, त्यामुळे मुलींना ठेवायला परवानगी नव्हती. मग केडगावच्या उघड्या माळावर बिऱ्हाड मांडलं. प्लेगच्या दवाखान्यात बायकांचे हाल होतात, हे पेपरात लिहून त्यांनी इंग्रज सरकारलाही सोडलं नाही.

1900 च्या दुष्काळानंतर मुक्तीत सुमारे दोन हजार जणी झाल्या. विहिरी खणल्या, शेती केली, गाई पाळल्या. मुलींनी माग चालवले, छापखाना चालवला. अंध मुलींना मनोरमेनं ब्रेल शिकवलं. आणि ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्या फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन उभं राहिलं.

सोवळं म्हणजे दुसऱ्याची सावली टाळणं, असं मानणाऱ्या काळात रमाबाईंनी पवित्रपणाचा अर्थच उलटा करून दाखवला. ज्याला जग अपवित्र म्हणतं त्याला जवळ घ्यायचं, खरकटं-घाण आपल्या हातानं धुवायची, आणि आपलं वागणं मात्र स्वच्छ ठेवायचं. त्यासाठी लागतं ते धाडस. दुष्काळात, वैधव्यात आणि लोकांच्या शिव्याशापांत त्यांना ते पुरलं.

साध्या बाईमाणसाला समजावं म्हणून त्या म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणत होत्या. 1921 साली मनोरमा गेली. तरी काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाईंनी देह ठेवला. ते बायबल त्यांच्या माघारी 1924 साली निघालं.

टाकलेल्या, फसवलेल्या बाईकडे बोट दाखवणारी माणसं आजही गावोगावी आहेत. अशा बाईला आधी पाणी विचारणारं एक तरी घर आपल्या गावात आहे का, हे ज्यानं त्यानं बघावं.