पॉल द विवी

पॉल द विवी (२९ एप्रिल, १८५३:पेर्न-ले-फोंतेन, वोक्लूझ, फ्रान्स - १९३०:सेंत-एत्येन, फ्रान्स) हे फ्रेंच सायकलपटू, सायकलनिर्माते व नियतकालिकाचे संपादक होते. ‘वेलोसियो’ या टोपणनावाने ते अधिक ओळखले जातात. सायकलला एकाहून अधिक गिअर असावेत आणि ते चालवणाऱ्याच्या शक्तीनुसार निवडलेले असावेत, या मताचा त्यांनी सुमारे चाळीस वर्षे पुरस्कार केला. शर्यतींच्या जगाने हे मत दीर्घकाळ नाकारले. त्याचा पूर्ण स्वीकार त्यांच्या मृत्यूनंतर झाला. सायकलवरून पर्यटन करण्याच्या फ्रेंच परंपरेचे ते जनक मानले जातात.

पूर्वायुष्य

द विवी यांचा जन्म दक्षिण फ्रान्समधील वोक्लूझ प्रांतात झाला. तरुणपणी ते रेशमाच्या व्यापारात शिरले आणि या व्यवसायानिमित्त सेंत-एत्येन येथे स्थायिक झाले. रेशमी फिती, कोळसा आणि बंदुका यांच्या उत्पादनासाठी हे शहर प्रसिद्ध होते. १८८१ साली त्यांनी पुढचे चाक प्रचंड मोठे असलेली त्या काळची उंच सायकल विकत घेतली. व्यापारासाठी इंग्लंडला जाणे होत असल्याने कॉव्हेंट्री येथील सायकल उद्योगही त्यांना जवळून पाहता आला. १८८७ साली त्यांनी रेशमाचा व्यवसाय सोडून सेंत-एत्येनमध्ये सायकलींचे दुकान काढले. त्याच वर्षी त्यांनी एक नियतकालिक सुरू केले. ते पुढे ‘ल सिक्लिस्त’ या नावाने प्रसिद्ध झाले. वेलोसियो हे टोपणनाव त्यांनी याच नियतकालिकातील लेखनासाठी घेतले होते.

गिअरचे प्रयोग

त्या काळच्या साखळीच्या सायकलला पुढे एक व मागे एक असे दोनच दातेरी चक्र असत. त्यामुळे पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल किती अंतर जाणार, हे कायमचे ठरलेले असे. सपाटीला योग्य असलेले हे अंतर चढावर फार जास्त ठरे आणि चढाला योग्य असलेले अंतर सपाटीवर अपुरे पडे. सेंत-एत्येनच्या सभोवती डोंगर असल्याने ही अडचण तेथील सायकलस्वारांना रोज जाणवत असे. शहराच्या दक्षिणेस १,१६१ मीटर उंचीवर असलेल्या कोल द ला रेपुब्लिक या घाटाशी एक आख्यायिका निगडित आहे. द विवी घाट चढत असताना त्यांच्याच नियतकालिकाचा एक तरुण वाचक तोंडात पाइप धरून सहजपणे त्यांच्या पुढे निघून गेला. त्या तरुणाइतका जोर आपल्या पायांत नाही. मात्र सायकलच आपल्या पायांना अनुरूप करून घेता येईल, असे तेव्हा त्यांच्या मनाने घेतले, असे सांगतात.

त्यांचे आरंभीचे प्रयोग साधे होते. पॅडलच्या आसावर लहान व मोठी अशी दोन चक्रे बसवायची आणि चढ आला की उतरून साखळी हाताने एका चक्रावरून दुसऱ्यावर चढवायची, अशी ही रीत होती. त्यांनी स्वतः तयार करवलेल्या ‘ला गोलवाज’ या सायकलीवरही असे प्रयोग झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते डिरेलरकडे वळले. सायकल चालू असतानाच साखळी बाजूला ढकलून एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर नेणारी ही यंत्रणा होय. हा शोध एकट्या द विवी यांचा नव्हता. फ्रान्समध्ये व इंग्लंडमध्ये अनेक कारागीर त्याच दिशेने काम करीत होते. द विवी यांचे वैशिष्ट्य असे की, बाजारात आलेली प्रत्येक यंत्रणा ते स्वतः शेकडो किलोमीटर चालवून पाहत आणि तिचे गुणदोष नियतकालिकात नोंदवत. परिणामी सेंत-एत्येन हे गिअर बनवणाऱ्या कारागिरांचे केंद्र बनले.

शर्यतींच्या चालकांशी मतभेद

१९०२ साली फ्रान्समधील तूरिंग क्लब या संस्थेने पिरेनीज पर्वतातील तुर्माले घाटात प्रवासी सायकलींची चाचणी घेतली. बदलत्या गिअरच्या सायकली घाटात सरस ठरू शकतात, हे या चाचणीतून दिसून आले. तथापि टूर द फ्रान्सचे संस्थापक आंरी देग्रांज यांना ते पटले नाही. शर्यत ही शरीरबळाची कसोटी असून गिअर ही वय झालेल्यांसाठीची सोय आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९०३ साली झालेल्या पहिल्या टूरच्या मार्गात कोल द ला रेपुब्लिक होता, पण तो चढणाऱ्या स्पर्धकांकडे डिरेलर नव्हता. पुढील काळात अनेक स्पर्धक मागील चाकाच्या दोन्ही बाजूंना भिन्न दात्यांची चक्रे बसवू लागले. घाटाच्या पायथ्याशी थांबून ते नट सैल करीत आणि चाक काढून उलटे बसवत.

द विवी यांचा आक्षेप शर्यतींच्या नियमापुरता मर्यादित नव्हता. सायकल विकत घेणारा सामान्य माणूस शर्यतीतील विजेत्याची सायकल आदर्श मानतो आणि तिच्यासारखी जड गिअरची सायकल घेऊन पहिल्याच चढावर खाली उतरतो, हे त्यांना दिसत होते. विजेत्याला जे पेलते ते शिक्षकाला, कामगाराला किंवा साठीच्या गृहस्थाला पेलेलच असे नाही. हलका गिअर वापरणे हा कमीपणा नसून शक्तीचा शहाणपणाने केलेला वापर आहे, हे त्यांच्या लेखनाचे मुख्य सूत्र होते.

प्रवास व आचारनियम

द विवी यांनी हे सूत्र स्वतःच्या आचरणातून सिद्ध केले. दिवसरात्र अखंड चालणारे दीर्घ प्रवास ते उतारवयापर्यंत करीत राहिले. ईस्टरच्या सुमारास अनुयायांसह प्रोव्हाँसकडे केलेल्या त्यांच्या सफरी विशेष गाजल्या. ते शाकाहारी होते आणि एस्परांतो या भाषेचे पुरस्कर्ते होते. दीर्घ प्रवास करणाऱ्यांसाठी त्यांनी सात नियम सांगितले. थांबे मोजके व अल्प असावेत, भूक व तहान लागण्याची वाट न पाहता खावे-प्यावे, भूक व झोप उडेल इतके थकू नये, आरंभीच्या तासांत शक्ती उधळू नये, असे त्यांचे स्वरूप होते. केवळ प्रौढी मिरवण्यासाठी पॅडल मारू नये, हा अखेरचा नियम त्यांच्या गिअरविषयक विचाराचेच सार मानता येईल.

मृत्यू व स्मृती

१९३० साली सेंत-एत्येन येथे सायकल हातात धरून रस्त्याने जात असताना ट्रामच्या अपघातात द विवी यांचा मृत्यू झाला. कोल द ला रेपुब्लिक येथे त्यांचे स्मारक उभारण्यात आले. त्यांच्या सन्मानार्थ १९२२ साली सुरू झालेला ‘वेलोसियो दिन’ त्यांच्यानंतरही साजरा होत राहिला. त्या दिवशी सायकलस्वार शहरातून निघून हा घाट चढतात. १९३७ साली टूर द फ्रान्समध्ये सर्व स्पर्धकांना डिरेलर वापरण्यास परवानगी मिळाली. त्या वर्षीचे विजेते रोजे लापेबी यांनी डिरेलर असलेल्या सायकलीवरच शर्यत जिंकली.

आजच्या सायकलींमधील प्रभाव

रस्त्यावरील सायकलीचा गिअर आजही त्याच हिशेबाने मोजला जातो. पुढच्या चक्राच्या दात्यांना मागच्या चक्राच्या दात्यांनी भागून चाकाच्या परिघाने गुणले की पॅडलच्या एका फेऱ्यातील अंतर मिळते. रस्त्यावरील सायकलीच्या चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर असतो. पुढे ३९ व मागे २३ दाते असता एका फेऱ्यात साधारण ३.५६ मीटर अंतर कापले जाते. हे दीर्घकाळ शर्यतीच्या सायकलीवरील हलक्या गिअरचे प्रमाण होते. पुढे ३४ व मागेही ३४ दाते असता हे अंतर २.१ मीटरवर येते. मिनिटाला ६० फेरे मारणाऱ्या व्यक्तीला पहिल्या गिअरवर ताशी सुमारे १२.८ किलोमीटर वेग राखावा लागतो, तर दुसऱ्यावर सुमारे ७.६ किलोमीटर पुरतो. तीव्र चढावर पहिला वेग फार थोड्यांना साधतो, दुसरा पुष्कळांना साधतो. पूर्वी पुढे ५३ व ३९ दात्यांची जोडी रूढ होती. तिच्या जोडीने ५० व ३४ दात्यांची, तसेच मागे ३४ दात्यांपर्यंतच्या चक्रांची सोय रस्त्यावरील सायकलींत उपलब्ध झाली. त्यामुळे नवी सायकल घेताना सर्वांत जड गिअरपेक्षा सर्वांत हलक्या गिअरचा विचार आधी करावा, ही रीत प्रवासी सायकलस्वारांमध्ये रूढ आहे. सपाटीवर एखादा जड गिअर नसला तर वेग थोडा कमी पडतो. घाटात हलका गिअर नसला तर सायकल हातात धरून चालावे लागते.