निसर्गाचा हिशेबनीस : जे. सी. कुमारप्पा

ओला कचरा वेगळा ठेवणे, बाजारात जाताना कापडी पिशवी नेणे, विजेचा दिवा गरजेपुरताच लावणे या गोष्टी शहरी घरांना आता नव्या राहिलेल्या नाहीत. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी कचऱ्याचे वर्गीकरण घराघरात आणले. महाराष्ट्रात 2018 मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. तरीही या साऱ्यामागचा मूळ प्रश्न बहुतेक वेळा बाजूलाच राहतो. घरात आलेली वस्तू कोठून आली आणि घराबाहेर पडलेली वस्तू कोठे गेली, हा तो प्रश्न. पर्यावरण हा शब्द वर्तमानपत्रांत रूढ होण्याच्या कितीतरी आधी, वर्ध्यात बसून एका हिशेबतपासनिसाने तो विचारला होता. त्यांचे नाव जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा.

गांधीजींच्या अर्थविचाराला शास्त्राची बैठक देणारे विचारवंत म्हणून अभ्यासकांना ते परिचित आहेत. मात्र चूल, दिवा, तांदूळ, साबण आणि खत यांतून अर्थशास्त्र मांडणारा माणूस म्हणून त्यांची ओळख महाराष्ट्रातही मागे पडली आहे. त्यांच्या आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे याच मातीत गेली, हे लक्षात घेता ही गोष्ट खेदाचीच म्हणावी लागेल.

सुटाबुटातून खादीकडे

कुमारप्पांचा जन्म 4 जानेवारी 1892 रोजी तमिळनाडूतील तंजावर येथे एका सुस्थितीतील ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनमध्ये हिशेबतपासणीचे शिक्षण घेऊन ते 1919 मध्ये भारतात परतले आणि मुंबईत त्यांनी व्यवसाय सुरू केला. व्यवसायात त्यांचा जम बसला. राहणी, पोशाख, बोलणे सारेच साहेबी थाटाचे होते. पुढे 1927 मध्ये ते अमेरिकेला गेले. सिरॅक्यूज विद्यापीठात त्यांनी व्यवसाय प्रशासनाची पदवी घेतली आणि नंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रा. एडविन सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली सार्वजनिक वित्ताचा अभ्यास केला.

त्यांच्या आयुष्याने वळण घेतले ते येथेच. भारत दरिद्री का, या विषयावर त्यांनी एका चर्चमध्ये दिलेल्या व्याख्यानाची बातमी वृत्तपत्रात आली. ती सेलिग्मन यांच्या वाचनात आली आणि त्यांनी याच विषयावर प्रबंध लिहिण्याचा आग्रह धरला. सरकारी जमाखर्चाचे आकडे तपासताना कुमारप्पांना दिसले, की देशातून संपत्ती बाहेर वाहत आहे आणि कागदावरचा ताळेबंद मात्र व्यवस्थित जुळतो आहे. ताळेबंद जुळला म्हणजे व्यवहार प्रामाणिक असतोच असे नाही, ही जाणीव त्यांना झाली. हीच जाणीव पुढे त्यांच्या साऱ्या विचाराचा पाया ठरली.

प्रबंध छापण्याच्या निमित्ताने 9 मे 1929 रोजी ते साबरमतीला गांधीजींना भेटायला गेले. झाडाखाली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून सूत कातणारी वृद्ध व्यक्ती म्हणजेच गांधीजी, हे त्यांच्या प्रथम ध्यानातही आले नाही. ओळख पटल्यावर आपल्या उंची पोशाखाची पर्वा न करता ते त्याच जमिनीवर बसले. गांधीजींनी त्यांना गुजरात विद्यापीठात बोलावून घेतले आणि खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याच्या आर्थिक पाहणीचे काम सोपविले. शेतकऱ्याच्या घरातील मिळकत आणि खर्च यांची गावोगाव नोंद घेता घेता मुंबईतील हा व्यावसायिक पुरता बदलून गेला. कॉर्नेलियस हे आडनाव मागे पडले आणि कुमारप्पा हे जुने घराण्याचे नाव पुढे आले. पुढे स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी अनेकदा तुरुंगवासही भोगला.

पै-पैचा हिशेब

सार्वजनिक पैशाच्या बाबतीत कुमारप्पा किती काटेकोर होते, याचे दर्शन बिहारमध्ये घडले. 1934 च्या भूकंपानंतर तेथील मदतनिधीचे हिशेब पाहण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. स्वयंसेवकाच्या रोजच्या जेवणखर्चाला त्यांनी तीन आण्यांची मर्यादा घातली. पुढे गांधीजी आपल्या सहकाऱ्यांसह तेथे येणार असे कळले, तेव्हा त्यांच्या दूध-फळांचा खर्च मदतनिधीतून होणार नाही, त्याची सोय वेगळी करावी, असे त्यांनी महादेवभाई देसाई यांना स्पष्टपणे कळविले. गांधीजींनीही या काटेकोरपणाचे कौतुकच केले.

हा काटेकोरपणा म्हणजे कंजूषपणा नव्हता. जे आपले नाही ते आपण खर्च करू नये, एवढाच त्यामागचा साधा नियम होता. मदतनिधी भूकंपग्रस्तांचा होता. त्याच न्यायाने जमीन, जंगल आणि पाणी हे पुढच्या पिढ्यांचे आहे, असे ते मानू लागले.

मगनवाडीचे प्रयोग

अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना डिसेंबर 1934 मध्ये झाली आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. संघाचे ठाणे वर्ध्यात होते. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेला मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव देण्यात आले. 1936 मध्ये सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, जाण्यापूर्वी गांधीजींचा मुक्काम येथेच होता.

मगनवाडीत मोठी यंत्रे नव्हती. तेथे होती ती जाती, घाण्या, कागदाचे हौद, मधमाश्यांच्या पेट्या आणि चुली. सामान्य घराच्या रोजच्या गरजा भागविताना किती कमी गमवावे लागेल, हा तेथील संशोधनाचा विषय होता. गिरणीत पांढरा शुभ्र करून घेतलेल्या तांदळाचा पौष्टिक कोंडा निघून जातो आणि वर दळणाचा खर्चही पडतो, म्हणून तेथे हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार झाला. बैलघाण्याच्या तेलाचा आग्रह धरण्यामागचा विचारही असाच होता. तेल गावातच राहते आणि पेंड जनावरांच्या पोटात जाते. साखरेऐवजी ताडगूळ वापरण्याचा कुमारप्पांचा सल्लाही हिशेबाचाच होता. शेतीला निरुपयोगी असलेल्या जमिनीवरही ताड वाढतो, मग उसासाठी धान्याची कसदार जमीन का अडवावी, असा त्यांचा सवाल होता.

दिव्याचेही तसेच. रॉकेल गावाबाहेरून विकत आणावे लागे आणि ते जमिनीच्या पोटातील साठ्यातून येई. त्याऐवजी खाण्यास न चालणाऱ्या वनस्पती तेलांवर जळणारा कंदील कुमारप्पांनी तयार केला. तो मगनदीप या नावाने ओळखला गेला. सरपणाची बचत करणारी आणि स्वयंपाकघरातील धूर बाहेर काढणारी मगनचूलही याच परिसरातील प्रयोगांतून पुढे आली. मलमूत्र आणि केरकचरा यांचे सोनखत करून ते शेताला परत देणे, हा येथील दिनक्रमाचाच भाग होता. या ग्रामोद्योगांची ओळख करून देणारे मगन संग्रहालय 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते सुरू झाले.

प्रवाह आणि साठा

या प्रयोगांमागचे सूत्र कुमारप्पांनी एका सोप्या भेदातून मांडले. निसर्गाची काही संपत्ती वाहत्या प्रवाहासारखी असते. झाडे वाढतात, पीक येते, पाऊस पडतो. घेतले तरी पुन्हा मिळते. कोळसा, खनिज तेल आणि धातू हा मात्र साठा आहे. तो उपसला की संपतो. साठ्यावर जगणारी संस्कृती त्या साठ्यासाठी भांडणारच आणि भांडणाचे पर्यवसान युद्धात होणारच, असा इशारा त्यांनी दिला होता. हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर प्रवाहावर जगणे म्हणजे व्याजावर संसार चालविणे आणि साठ्यावर जगणे म्हणजे मुद्दल मोडून खाणे होय.

स्वातंत्र्यलढ्यातील कारावासात, जबलपूरच्या तुरुंगात, त्यांनी 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हा ग्रंथ लिहिला. गांधीजींनी 1945 मध्ये त्याला प्रस्तावना दिली आणि ग्रामोद्योगांचे डॉक्टर ही पदवी त्यांना कौतुकाने बहाल केली. ग्रंथात अर्थव्यवहाराच्या पायऱ्या त्यांनी प्राणिसृष्टीतील उदाहरणांनी समजावल्या आहेत. वाघ दुसऱ्याचा जीव घेऊन जगतो. माकड फळे खाते, पण झाडासाठी काहीच करीत नाही. मधमाशी फुलातून मध घेते ती त्याच्या फलधारणेला हातभार लावूनच, आणि जमविते ती साऱ्या पोळ्यासाठी. पक्षीण पिलाला भरविते ती कोणत्याही परतफेडीची अपेक्षा न ठेवता. माणसाने यांपैकी कोठे उभे राहायचे, ते त्याने स्वतः ठरवायचे आहे.

राहणीमानाच्या प्रश्नावर त्यांचे विवेचन शहरी वाचकाने आवर्जून विचारात घ्यावे असे आहे. उच्च आणि नीच राहणीमान हे शब्दच त्यांना मान्य नव्हते. राहणी साधी असते किंवा गुंतागुंतीची असते, असे ते म्हणत. केळीच्या पानावर जेवणारा माणूस चिनी मातीच्या ताटात जेवणाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा ठरत नाही. पान रोज ताजे असते, घासावे लागत नाही आणि जेवणानंतर जनावराच्या मुखी लागते. उलट घरात सामान वाढले की ते पुसणे, जपणे आणि दुरुस्त करणे यातच घरातील माणसांचे, विशेषतः स्त्रीचे, आयुष्य खर्ची पडते. वस्तू माणसाच्या सेवेला आहेत की माणूस वस्तूंच्या, हे एकदा तपासून पाहावे, असे त्यांचे सांगणे होते.

खरेदीची जबाबदारी

कुमारप्पांच्या मते खरेदी ही खासगी बाब नव्हती. चोरीचा माल जाणूनबुजून विकत घेणारा जसा चोरीत भागीदार होतो, तसाच अन्यायातून किंवा नासधुशीतून तयार झालेला माल घेणाराही त्यात भागीदार होतो, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच जिची कुळकथा कळू शकते अशी, जवळपास तयार झालेली वस्तू घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता.

यासाठी मलबारातील साबणाचे उदाहरण ते देत. भाताची खाचरे मोडून तेथे नारळाच्या बागा उभ्या राहिल्या. त्यांचे तेल साबणाच्या कारखान्यांकडे गेले. ज्या जमिनीने माणसाचे पोट भरायचे, ती जमीन दूरच्या कोणाचे तरी अंग धुण्याच्या कामी लागली. दुकानातल्या साबणाच्या किमतीत हा भाताचा तोटा कोठेच दिसत नाही. बाजाराच्या वहीत हा रकानाच नसतो आणि तो सुजाण गृहस्थाने व गृहिणीने आपल्या मनात तरी ठेवावा, हे कुमारप्पांच्या शिकवणुकीचे सार म्हणता येईल.

एकाकी अखेर

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या कृषी सुधारणा समितीचे अध्यक्षपद कुमारप्पांकडे आले. परंतु देशाची पावले मोठे कारखाने, मोठी धरणे आणि रासायनिक खतांच्या दिशेने पडत होती. रासायनिक खत हे जमिनीला चढविलेल्या नशेसारखे आहे, तात्पुरती तरतरी येते आणि मग कस जातो, हे त्यांचे म्हणणे दिल्लीत फारसे कोणी मनावर घेतले नाही. गांधीजींच्या निधनानंतर सहकाऱ्यांशीही त्यांचे मतभेद झाले. स्वभाव मुळातच तापट, त्यात रक्तदाबाचा विकार. तडजोड त्यांना जमली नाही आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

वर्धा जिल्ह्यातील सेलडोह येथे त्यांनी पन्नई आश्रम काढून शेतीचे प्रयोग केले. अखेरची वर्षे मात्र त्यांनी मदुराईजवळच्या टी. कल्लुपट्टी येथील गांधी निकेतन आश्रमात, छोट्याशा घरात काढली. 30 जानेवारी 1960 रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, मदुराई येथे त्यांचे निधन झाले. ते आजन्म अविवाहित होते.

त्यांच्या निधनानंतर तेरा वर्षांनी, 1973 मध्ये, ब्रिटनमधील अर्थतज्ज्ञ ई. एफ. शूमाखर यांचे 'स्मॉल इज ब्यूटिफुल' हे पुस्तक आले आणि जगभर गाजले. त्यात शूमाखर यांनी कुमारप्पांच्या विचाराचा आधार घेतला आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस तेलसंकटाने जगाला ग्रासले आणि साठ्याच्या अर्थव्यवस्थेविषयीचा इशारा अनेकांना नव्याने उमगला.

कुमारप्पांच्या सर्वच सूचना आजच्या फ्लॅटमध्ये जशाच्या तशा उतरणार नाहीत. बाराव्या मजल्यावर घाणी बसविता येणार नाही आणि मगनदीपाची जागा आता विजेच्या दिव्याने घेतली आहे. पण त्यांनी घालून दिलेली हिशेबाची पद्धत कोणत्याही घरात चालू शकते. भाजीची देठे आणि साली कुंडीतल्या मातीला परत देता येतात. कागदाची कोरी बाजू वापरता येते. मोडलेली वस्तू टाकण्याआधी दुरुस्त करता येते. जे धान्य आणि तेल आपल्याच मुलखात पिकते, ते आधी निवडता येते. नवीन वस्तू घेण्यापूर्वी ती प्रवाहातून आली की साठ्यातून, आणि जुनी झाल्यावर ती कोठे जाणार, एवढे दोन प्रश्न विचारता येतात.

एका घराने असे केल्याने जग बदलेल, असा भाबडा दावा कुमारप्पांनीही केला नव्हता. हिशेबतपासनिसाचे काम वही प्रामाणिक ठेवण्याचे असते. घराच्या जमाखर्चात निसर्गाचे देणे लिहिण्याची सवय लागली, तर ते देणे चुकते करण्याची बुद्धीही होईल, हा त्यांचा विश्वास होता. महिनाअखेरीस किराणा, वीज आणि दुधाची बिले जुळविणाऱ्या प्रत्येक घरात त्या एका रकान्याला जागा निश्चितच आहे.