माती अडवा म्हणणारे जोतीराव

मुलींची शाळा म्हटली की महात्मा जोतीराव फुले आपल्याला लगेच आठवतात. शेताचा बांध म्हटला की मात्र आठवत नाहीत. आम्हा बडोदेकरांना तरी ते आठवायला हवेत. कारण त्यांचे शेतीविषयीचे विचार आस्थेने ऐकणाऱ्यांत आपले श्रीमंत सयाजीराव महाराज होते.

जोतीरावांचा जन्म 1827 चा. घराणे मूळ सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. पुण्यात फुलांच्या व्यवसायामुळे फुले झालेले. 1848 मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली, 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापला, हे आपण सारे जाणतो. चरितार्थासाठी ते बांधकामाची कंत्राटे घेत. खडकवासल्याच्या धरणाच्या कामातही ते होते. पुढे मांजरीला त्यांनी कालव्याच्या पाण्यावर स्वतः बागाईत केली.

1883 मध्ये त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेतकऱ्याच्या दैन्याचे एक मूळ त्यांना जमिनीतच दिसले. पूर्वी डोंगरावरचा पालापाचोळा कुजून पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या शेतांत उतरे आणि जमीन सकस होई. जंगलखात्याने डोंगर आणि गायराने बंद केली; जनावरे घटली, खतही घटले. ताली-बांधांची निगा राहिली नाही आणि शेताचे सत्त्व ओढ्यावाटे वाहून जाऊ लागले. पीक उतरले, पण सारा उतरला नाही. मग सावकाराचे दार आलेच.

उपायही त्यांनी सांगितले. सरकारने पलटणीतल्या व पोलिसांतल्या माणसांकडून जागोजाग ताली आणि बंधारे असे घालून घ्यावेत, की पावसाचे पाणी आधी शेतात मुरेल आणि मग ओढ्याला मिळेल. नदी-तळ्यांतला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा. गायराने गावांना परत करावीत. थोडक्यात, माती वरच अडवायची आणि निसटलेली पुन्हा शेतात आणायची. आज पाणलोटाची कामे याच वाटेने चालतात.

हे लिखाण जोतीरावांनी गावोगाव वाचून दाखवले. तेव्हा जेमतेम विशीत असलेल्या सयाजीराव महाराजांनी कारभाराच्या गर्दीतून वेळ काढून ते ऐकले आणि द्रव्यसाहाय्यही केले. 1888 मध्ये मुंबईत लोकांनी जोतीरावांना ‘महात्मा’ म्हटले. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात गेला, तरी ते डाव्या हाताने लिहीत राहिले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांचे निधन झाले.

यंदा घरच्या शाडूच्या मूर्तीचे विसर्जन बादलीत केले, तर खाली बसलेली माती गटारात न ओतता कुंडीत घालूया. जोतीरावांचे एवढे तरी आपल्याला ऐकता येईल.