अंगणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक

१९४५ साली ताराबाई मोडक यांचे वय ५३ वर्षांचे होते. दादरच्या हिंदू कॉलनीत १९३६ साली त्यांनी सुरू केलेले शिशुविहार एव्हाना मुंबईतील सुशिक्षित कुटुंबांच्या विश्वासास पात्र ठरले होते. बालशिक्षिका तयार करण्याचे काम चालू होते, मराठी शिक्षणपत्रिका निघत होती आणि बालशिक्षण हा शब्द उच्चारला की ताराबाईंचे नाव आपोआप पुढे येत होते. अशा वेळी माणसे सामान्यतः स्थिरावतात. ताराबाईंनी मात्र मुंबईतील आपल्या कामाची घडी इतरांच्या हाती सोपवली आणि त्या तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी राहायला गेल्या. शहरात सिद्ध झालेली पद्धत गावातल्या गरिबाच्या मुलाला पेलते काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता.

या प्रश्नापर्यंत येण्यास त्यांना बराच पल्ला चालावा लागला होता. १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या सुधारकी वातावरणात वाढलेल्या केळकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुलींच्या उच्च शिक्षणाचे अप्रूप वाटावे अशा काळात, १९१४ साली, त्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी झालेला विवाह काही वर्षांतच मोडला. लहानग्या मुलीची जबाबदारी अंगावर घेऊन, स्वतःच्या मिळकतीवर जगण्याचा निर्णय त्यांनी घेतला. शंभर वर्षांपूर्वीच्या समाजात त्या निर्णयाची किंमत काय असेल, याची कल्पना आजच्या वाचकाला सहज करता येईल. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. पद मानाचे होते, वेतन चांगले होते. परंतु जवळच भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ वकिली सोडून लहान मुलांत रमले आहेत, हे त्यांच्या वाचनात आले आणि १९२३ साली मानाचे पद सोडून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाल्या.

भावनगरची नऊ वर्षे हा ताराबाईंच्या आयुष्यातील खरा विद्यार्थिदशेचा काळ म्हणावा लागेल. गिजुभाईंनी १९२० साली तेथे बालमंदिर उघडले होते. इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत जी पद्धत प्रथम वापरली, तिचा आधार या बालमंदिराला होता. मूल स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या गतीने शिकते. मोठ्यांनी त्याच्याभोवती योग्य वस्तू मांडाव्यात आणि ते काम करू लागले की त्याच्या वाटेतून बाजूला व्हावे, असा त्या पद्धतीचा गाभा. गिजुभाईंनी ती जशीच्या तशी उचलली नाही. माँटेसरीबाईंना परीकथांचे फारसे कौतुक नव्हते. गिजुभाईंच्या बालमंदिरात मात्र गोष्टींना, नाटकाला, लोकगीतांना आणि बागेतल्या भटकंतीला मानाचे स्थान होते. ताराबाई गुजराती शिकल्या, त्या भाषेत लिहू लागल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, त्यात त्यांचा वाटा गिजुभाईंच्या बरोबरीचा होता. पुढे बालशिक्षणातील त्यांच्या स्वतंत्र कर्तृत्वाकडे गिजुभाईंच्या सहकारी एवढ्याच दृष्टीने पाहण्याची सवय काही लेखकांना लागली, ती योग्य नव्हे.

बोर्डीची निवड विचारपूर्वक होती. आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांनी तेथे शिक्षणाची जमीन आधीच नांगरलेली होती. एका बाजूस सुरूच्या झाडांनी वेढलेला समुद्रकिनारा, मध्ये चिकूच्या वाड्या आणि आत डोंगराकडे वारल्यांचे पाडे असा हा मुलूख. किनाऱ्यावर मासेमारी करणारे मांगेली लोक, गावात बागायतदार, गावाबाहेर दलितांची वस्ती. याच १९४५ साली, याच परिसरात, वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली पेटला होता. पोटासाठी राबणाऱ्या आणि सावकाराच्या दारात वेठीस धरल्या जाणाऱ्या आईबापांची मुले शिकवायची आहेत, हे ताराबाई जाणून होत्या. ताराबाईंचा मार्ग चळवळीचा नव्हता, पण ज्या घरांत त्या शिरल्या ती घरे तीच होती.

त्यांच्या सोबतीला अनुताई वाघ आल्या. तेराव्या वर्षी विवाह, काही महिन्यांतच वैधव्य आणि त्यानंतर जिद्दीने घेतलेले शिक्षण, असा अनुताईंचा पूर्वेतिहास. पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले होते. वयाने त्या ताराबाईंहून १८ वर्षांनी लहान. या दोघींची जोडी पुढे २८ वर्षे टिकली.

बोर्डीला बालवाडी उघडली आणि पहिली अडचण लगेच समोर आली. ज्यांच्यासाठी ती उघडली होती ती मुलेच येईनात. आई मजुरीला गेलेली, धाकटे भावंड काखेत, अंगावर धड कपडा नाही, स्वच्छ आवारात पाऊल टाकण्याचा संकोच; कारणे एक ना दोन. अशा वेळी पालकांच्या अज्ञानावर खापर फोडून मोकळे होणे सर्वांत सोपे असते. ताराबाईंनी अडचणीचा अर्थ वेगळा लावला. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर चालण्याची पाळी शाळेची आहे, असे त्यांनी ठरवले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घरासमोरचे सारवलेले अंगण मागून घ्यायचे, मुलांना गोळा करायचे, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या आणि मग तेथेच, आईच्या आजीच्या नजरेसमोर, खेळाला सुरुवात करायची. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी. हा साधासा शब्द या गरजेतून जन्मला. अंगणात शाळा भरल्यामुळे आणखी एक गोष्ट साधली. मुलाला आंघोळ का घालावी, ते चिडले तर काय करावे, त्याच्या हातात काय द्यावे, हे सांगण्यासाठी पालकसभा भरवावी लागली नाही. चुलीपाशी बसलेली आई दारातून सारे पाहत होती.

साधनांचा प्रश्न यापुढचा. माँटेसरी पद्धतीची साधने देखणी आणि अचूक, तशीच महागही. कमीअधिक जाडीचे दट्टे बसवायच्या लाकडी पेट्या, चढत्या आकाराच्या ठोकळ्यांचा मनोरा, खरखरीत कागदाची अक्षरे हे सारे दादरला शोभत होते. बोर्डीच्या अंगणात ते कोठून आणणार? येथे ताराबाईंनी जे केले ते त्यांच्या कार्यातील सर्वांत मौलिक होय. साधन म्हणजे वस्तू नव्हे. साधन म्हणजे त्या वस्तूतून मुलाच्या डोळ्यांना, हातांना आणि बुद्धीला मिळणारे काम, हे त्यांनी ओळखले. मग लहानमोठ्या शिंपल्यांची रांग लावताना मूल तेच शिकते जे दट्ट्याच्या पेटीत शिकते. खडे मोजता येतात, बिया रंगांप्रमाणे निवडता येतात, पाने आकारावरून आणि वासावरून ओळखता येतात, ओल्या मातीला हवा तो आकार येतो. समुद्रकिनारा आणि रान यांनी साधनांची पेटी भरून दिली, तीही दर ऋतूत नवी. असे पाहू गेल्यास १९२३ ते १९४५ अशी २२ वर्षे त्या ज्या साधनांच्या सान्निध्यात राहिल्या, त्यांच्यापासून त्यांना मोकळे व्हावे लागले. आपण ज्यात निष्णात झालो ते बाजूला ठेवणे पन्नाशीनंतर सोपे नसते.

घरचे कसबही या शाळेला परके राहिले नाही. किनाऱ्यावरच्या मुलाने जाळ्याची गाठ घरीच पाहिलेली असते. वारली मुलाच्या घरात बांबूच्या टोपल्या आणि मासे धरण्याची साधने विणली जातात, पळसाच्या पानांचे द्रोण लावले जातात, लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक रेखला जातो. दुधी भोपळ्यापासून तारपा कसा तयार होतो हे त्या मुलाला ठाऊक असते. अशा मुलाला काहीच येत नाही असे समजून शिकवायला बसणारा शिक्षक स्वतःच अडाणी ठरतो. जे मुलाच्या घरी आहे तेथून आरंभ करायचा आणि त्याला अक्षरांपर्यंत, अंकांपर्यंत न्यायचे, हा बोर्डीचा आणि पुढे कोसबाडचा क्रम होता.

इंदिरानगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे वाचताना बोर्डी फार दूर वाटेल. बेंगळुरूत माँटेसरी हे नाव गल्लोगल्ली पाट्यांवर दिसते आणि हस्तकलेचे साहित्य कापून, मोजून, खोक्यात भरून घरपोच येते. मुलाने त्यात फक्त चिकटवायचे असते. हलसूरचा तलाव मात्र जवळच आहे. कब्बन पार्क आणि लालबागही लांब नाहीत. पावसाळ्यानंतर झाडांखाली शेंगा आणि बिया पडलेल्या असतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी रस्त्यांवर गुलाबी फुलांचा सडा पडतो आणि तो कोणी विकत देत नाही. रविवारी बागेत नेलेले मूल एका मुंगीपाशी वीस मिनिटे बसले की मोठ्यांची चुळबुळ सुरू होते, कारण पुढचे ठिकाण पाहायचे राहिलेले असते. ताराबाईंच्या शिक्षिकांचा बराचसा वेळ अशा मुलांपाशी नुसते थांबण्यात गेला असला पाहिजे. कामात गढलेल्या मुलाला उठवू नये, हा माँटेसरी पद्धतीचा पहिला धडा आहे आणि त्याला कोणतेही साहित्य लागत नाही.

१९५७ च्या सुमारास संस्थेचे काम बोर्डीहून काही अंतरावर असलेल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई तेव्हा पासष्टीच्या होत्या. येथे सभोवती सारी वारली वस्ती. बोर्डीच्या अंगणात जे उमगले होते त्याची येथे आणखी कठीण परीक्षा झाली, कारण थोडी मोठी मुले अंगणातही सापडत नसत. ती सकाळीच गुरे घेऊन रानात जात, लाकूडफाटा आणत, खेकडे धरत. मुली धाकट्या भावंडांना सांभाळत. यातून दोन गोष्टी निघाल्या. गुराख्यांच्या मागोमाग शिक्षक कुरणावर गेले आणि झाडाच्या सावलीत शाळा भरू लागली. तिचे नाव कुरणशाळा. गुरे चरत राहिली, एक डोळा त्यांच्यावर ठेवून मुले शिकत राहिली. भोवतालचे गवत, पाखरे, ओढा, गुरांचे आजार हा पाठ, आणि त्याच्या आधाराने लेखन-वाचन. दुसरी गोष्ट विकासवाडीची. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, म्हणजे थोरली बहीण तान्ह्याला पाळणाघरात ठेवून, मधल्याला बालवाडीत सोडून स्वतः वर्गात बसू शकेल. मुलीच्या शाळागळतीचे कारण तिच्या कडेवर बसलेले असते, हे ओळखायला अहवालांची गरज भासली नाही.

कुरणशाळेविषयी एक आक्षेप घेता येतो आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. मूल गुरे राखते हे मान्य करून शाळा भरवणे म्हणजे बालश्रमाला मान्यता देणे नव्हे काय? शिवाय कुरणावरची शाळा म्हणजे गरिबांसाठी कमी प्रतीचे शिक्षण ठरण्याचा धोका होताच. आदर्श व्यवस्थेत त्या मुलाच्या हाती काठी असायला नको होती, हे खरे. परंतु त्या दिवशी, त्या कुरणावर, मूल होते आणि दुसरी शाळा नव्हती. आईबापांची मजुरी वाढेपर्यंत थांबायचे तर त्या मुलाचे बालपण निघून गेले असते. ताराबाईंनी थांबण्यास नकार दिला, आणि तेथे उत्तम शिक्षक पाठवून कमी प्रतीचा आरोप खोडण्याचा प्रयत्न केला. सर्व मुले टिकली असे मानण्याचे कारण नाही.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. लेखन चालूच होते. मुलांसाठी आणि पालकांसाठी त्यांनी मराठी व गुजराती दोन्ही भाषांत विपुल लिहिले. मुलांचा हट्ट, शिस्त, भीती अशा घरोघरच्या विषयांवर लिहिताना त्यांनी पालकांना दोषी ठरवण्यापेक्षा मुलाकडे पाहायला शिकवले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ विभागांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव दिले. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. त्यांतील पुष्कळांना अंगण नाही. पोषण आहार, लसीकरण आणि नोंदवह्या यांच्या ओझ्याखाली शिंपले आणि बिया मागे पडल्या आहेत, हेही नाकारता येत नाही. पण कर्नाटकातही या केंद्रांचे नाव तेच आहे. कन्नड लिपीतल्या पाटीवर तो शब्द वाचणाऱ्या किती जणांना तो डहाणू तालुक्यातील एका सारवलेल्या अंगणातून आला हे ठाऊक असेल?

कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे चालवले. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचा मृत्यू झाला, तोवर ४७ वर्षे त्या त्याच मुलखात, त्याच कामात होत्या. टेकडीवरची शाळा त्यांच्या मागेही भरत राहिली.