धनंजयराव गाडगीळ : पुण्याहून दिल्लीस

शासनास सल्ला द्यावा, की शासनापासून दूर राहून त्याच्या धोरणांचे परीक्षण करावे, हा पेच स्वातंत्र्योत्तर काळात अनेक भारतीय अर्थशास्त्रज्ञांपुढे उभा राहिला. धनंजय रामचंद्र गाडगीळ यांनी आयुष्याचा मोठा भाग दुसऱ्या मार्गाने घालविला आणि उतारवयात पहिला मार्ग पत्करला. त्यांच्या चरित्रातील ताण येथेच आहे.

१९०१ साली जन्मलेल्या गाडगीळांचे शालेय शिक्षण नागपुरास व उच्च शिक्षण केंब्रिजला झाले. तेथे लिहिलेला भारताच्या औद्योगिक विकासावरील प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तेविशीतल्या लेखकाचे हे पुस्तक पुढे कित्येक दशके पाठ्यग्रंथ म्हणून वाचले गेले. सुरतेच्या महाविद्यालयात काही वर्षे प्राचार्यपद सांभाळल्यावर १९३० मध्ये रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, आणि तिची धुरा गाडगीळांकडे आली. ती त्यांनी १९६६ पर्यंत वाहिली.

या संस्थेतील त्यांच्या कामाचा आरंभ मोठ्या सिद्धांतांनी झाला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुण्यातील फळांचा व्यापार कसा चालतो, वाई तालुक्यातील शेतकऱ्याच्या शेतीचा जमाखर्च काय, पुणे शहरातील कुटुंबे कशावर जगतात, अशा प्रश्नांची उत्तरे त्यांनी प्रत्यक्ष पाहणीतून मिळविली. माणसे मोजल्याविना त्यांच्याविषयी बोलू नये, असा हा शिरस्ता होता. काळे स्मृती व्याख्यानमालेत १९३९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संघराज्याच्या प्रश्नावर व्याख्यान दिले, ते याच संस्थेत. पुढे १९४५ मध्ये गाडगीळांनी स्वतः भारताच्या संघराज्यीय रचनेवर पुस्तक लिहिले. केंद्र आणि घटक यांच्या नात्याचा विचार त्यांनी असा दिल्लीस जाण्याच्या कितीतरी आधी केलेला होता.

सहकाराच्या क्षेत्रात ते केवळ अभ्यासक राहिले नाहीत. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यात प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ होते. पुण्याच्या प्राध्यापकाने ऊस उत्पादकांच्या बैठकी चालवाव्यात, हे त्या वेळी अनेकांना चमत्कारिक वाटले असल्यास नवल नाही. शेती कर्जपुरवठ्याविषयीच्या सरकारी समित्यांवरही त्यांनी काम केले. मात्र नियोजनाचे टीकाकार ही त्यांची भूमिका कायम होती, आणि १९६१ मधील त्यांच्या लेखसंग्रहात ती स्पष्ट दिसते.

पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद सोडून १९६७ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. पंचवार्षिक योजनांत तेव्हा खंड पडलेला होता. राज्यांना मिळणारे केंद्रीय योजनासाहाय्य तोवर योजनागणिक, बरेचसे दिल्लीच्या मर्जीनुसार ठरे. गाडगीळांनी त्याऐवजी उघड नियम मांडला. आसाम, नागालँड व जम्मू-काश्मीर यांच्या गरजा आधी बाजूला काढून उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावी. सरासरीहून कमी दरडोई उत्पन्न, करप्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीजप्रकल्प, आणि राज्याचे विशेष प्रश्न यांस प्रत्येकी १० टक्के द्यावे. चौथ्या योजनेत १९६९ पासून हे सूत्र लागू झाले. लोकसंख्येस इतके वजन दिल्याने अतिमागास राज्यांना पुरेसा न्याय मिळाला नाही, हा आक्षेप खोटा नव्हे. १९८० व १९९१ मध्ये त्यात बदलही झाले. परंतु वाटपाचा निकष मुख्यमंत्र्यांनी कागदावर वाचावा आणि हिशेब स्वतः मांडून पाहावा, ही सोय प्रथम याच सूत्राने केली. नियोजन मंडळ २०१५ मध्ये विसर्जित होईपर्यंत ते या ना त्या रूपात टिकले.

सूत्राला मान्यता मिळाली, पण त्याच्या कर्त्याला मंडळात फार काळ मिळाला नाही. १९७१ च्या निवडणुकीनंतर मंडळाची पुनर्रचना झाली, आणि गाडगीळ पदावरून दूर झाले. ३ मे १९७१ रोजी दिल्लीहून पुण्यास परतत असताना आगगाडीतच त्यांचा मृत्यू झाला.